वाकली तरी चालते, म्हणून दाबू नका! फ्लॅटमध्ये फायबर नेण्याआधी हे समजून घ्या

पांढुर्णा / सौंसर : प्लॅन शंभर एमबीपीएसचा, डब्बा नवाकोरा, बिल वेळेवर भरलेलं. तरी संध्याकाळी ‘एलओएस’ची लाल बत्ती लुकलुकायला लागते आणि घरात एकच ओरड होते, “नेट गेलं!” केबलवाल्या भाऊंना फोन जातो. ते येतात, टीव्हीमागे गुंडाळून खिळ्याला अडकवलेला वेढा सोडतात आणि बत्ती हिरवी होते. “काही नाही काकू, तार दबली होती,” म्हणून ते निघून जातात. महिन्याभरात पुन्हा तेच.

या वेळी दोष खांबावर नसतो, कंपनीच्या ऑफिसातही नसतो. तो असतो दाराच्या चौकटीवरून काटकोनात वळवलेल्या, खिळ्याखाली दाबलेल्या किंवा कपाटामागे चेपलेल्या तारेत. गावाबाहेरून कित्येक किलोमीटर धड आलेला उजेड घराच्या शेवटच्या तीस मीटरात सांडून जातो.

२०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली त्यात आल्या. खाली दुकान, वर दोन-तीन मजले फ्लॅट अशा बिल्डिंगी आता दोन्ही गावांना नव्या राहिलेल्या नाहीत. पोळ्याला नागपूर-पुण्याहून घरी आलेली पोरं इथूनच लॅपटॉपवर ड्युटी करतात, पोरींचे क्लास ऑनलाइन, दुकानाचा गल्ला यूपीआयवर. त्यामुळे भिंतीतून फायबर कशी न्यायची, हा प्रश्न आता फक्त केबलवाल्याचा उरलेला नाही. घर बांधणाऱ्याचा आणि फ्लॅट घेणाऱ्याचाही झाला आहे. त्याचं एक चांगलं उत्तर बाजारात आहे, वाकणं सहन करणारी फायबर. पण तिच्याबद्दल एक गैरसमजही सोबतच आला आहे.

वळणावर उजेड का सांडतो?

फायबर म्हणजे काचेची तार. काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाड, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या अगदी मधोमध साधारण ९ मायक्रॉनचा गाभा असतो आणि सगळा उजेड त्या गाभ्यातून धावतो. बाहेरची काच किंचित वेगळ्या गुणाची असते. त्यामुळे उजेड कडेला आला की आतच परततो. वरून प्लास्टिकचा मऊ लेप, मग दोरे, मग जाड आवरण. हातात येते ती केबल. काम करतो तो आतला केसाएवढा धागा.

शेतातला पाट आठवा. सरळ पाटातून पाणी मुकाट्यानं जातं. वळण लांबट असेल तरी जातं. पण पाट एकदम काटकोनात वळवला, तर जोराचं पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूनं धुऱ्यावर चढतं आणि शेजारच्या वावरात सांडतं. फायबरचंही तसंच. वळण जितकं आवळ, तितका बाहेरच्या कडेचा उजेड गाभ्यात टिकत नाही. तार तुटलेली नसते, सोललेली नसते, बाहेरून ठणठणीत दिसते. फक्त आतला उजेड कमी होतो.

विजेच्या आणि जुन्या केबल टीव्हीच्या तारेला हे दुखणं नव्हतं. तांबं कोपऱ्यात दाबून बसवलं तरी वीज जाते. म्हणून वायरमनच्या हाताला सवय लागली ती कोपऱ्यात चापून बसवायची, दिसायला नीटनेटकं करायची. तीच सवय फायबरला नडते.

संत्रं, रुपया आणि गोटी

फायबरच्या जातींची मापं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवतो. रस्त्याच्या कडेनं, खांबावरून येणारी नेहमीची फायबर जी.६५२ या जातीची. तिचं नुकसान या मानकात ३० मिलिमीटर त्रिज्येच्या वेढ्यावर मोजतात. म्हणजे सहा सेंटिमीटर रुंदीचा वेढा, एका मध्यम संत्र्याभोवती तार गुंडाळल्यासारखा. त्याहून आवळ वळणाची हमी हे मानक देत नाही.

संत्र्याएवढं वळण रस्त्यावर सहज मिळतं. फ्लॅटमध्ये कुठून आणणार? चौकट, बीम, स्विचबोर्ड, किचनचा ओटा, सगळीकडे काटकोन. ही अडचण ओळखून २००६ मध्ये जी.६५७ नावाचं वेगळं मानक आलं. त्यातल्या तीन जाती कामाच्या आहेत.

ए१ : १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंत. वेढा रुपयाच्या नाण्याएवढा.

ए२ : साडेसात मिलिमीटरपर्यंत. वेढा पोरांच्या खेळातल्या गोटीएवढा.

बी३ : ५ मिलिमीटरपर्यंत. वेढा एखाद्या जाड पेनाएवढा.

ए१ आणि ए२ या जाती जुन्या जी.६५२ तारेशी जुळतील अशाच बनवलेल्या असतात. त्यामुळे खांबावरच्या जुन्या तारेला बिल्डिंगमधली नवी तार जोडायला हरकत नसते. फ्लॅटच्या कामाला ए२ पुष्कळ ठिकाणी पुरते. फारच अडचणीच्या जागी बी३.

आत एक जादा धुरा

या तारेत जादू काही नाही. एका प्रचलित पद्धतीत गाभ्याभोवती, थोडं अंतर सोडून, वेगळ्या गुणाच्या काचेचं एक बारीक कडं घातलेलं असतं. पाटाच्या कडेला एक धुरा होता, त्याच्या बाहेर आणखी एक उभा केला, असं समजा. पहिल्यावरून चढलेला उजेड दुसऱ्याला अडतो आणि परत फिरतो.

अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं २००७ मध्ये ‘क्लिअरकर्व्ह’ या नावानं अशी तार जाहीर केली. तिची पद्धत थोडी वेगळी होती. गाभ्याभोवतीच्या काचेत अतिसूक्ष्म रचना करून उजेड अडवलेला. कारण मात्र आपल्या ओळखीचंच. व्हेरायझन ही टेलिफोन कंपनी घरोघरी फायबर नेत होती. सुट्या बंगल्यांत काम सोपं, पण उंच अपार्टमेंटांत प्रत्येक मजल्यावर कोपरेच कोपरे, तिथं काम अडत होतं. जगात वाकणाऱ्या फायबरची मागणी वाढली ती अशा फ्लॅटमुळे.

ही तार आता परदेशातूनच येते असंही नाही. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे वाळूज आणि शेंद्रा इथं कारखाने आहेत. काचेपासून फायबरपर्यंतचं काम तिथं होतं, आणि वाकणं सहन करणारी ‘बो-लाइट’ नावाची फायबर ही कंपनी बनवते. आपल्या मध्यप्रदेशात रीव्याला बिर्ला केबलचा ऑप्टिकल केबलचा कारखाना आहे. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना या धंद्याची मुळं आहेत.

डेसिबलचा हिशेब, सोप्या भाषेत

केबलवाले भाऊ खिशातून छोटं पॉवर मीटर काढतात आणि “वजा एकोणीस आहे, ठीक आहे” असं म्हणतात. तो आकडा कळला की अर्धं भांडण मिटतं.

हा आकडा डीबीएममध्ये असतो. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. तीन डेसिबल कमी झाले म्हणजे उजेड अर्धा राहिला. दहा कमी झाले म्हणजे दहावा हिस्सा राहिला. आकड्याआधीचं वजा चिन्ह जेवढं मोठा आकडा दाखवेल, तेवढा उजेड कमी.

घराघरात सध्या चालणाऱ्या जीपॉन पद्धतीचं एक नमुन्याचं गणित असं. कंपनीच्या यंत्रातून उजेड निघाला अधिक ३ वर. एका तारेचे बत्तीस घरांत वाटे करणाऱ्या स्प्लिटरमध्ये सुमारे १७ गेले. दहा किलोमीटर तारेत अडीच गेले. जोड आणि कनेक्टर मिळून दोन गेले. घरात पोचले वजा साडेअठरा. घरातला डब्बा साधारण वजा २७ पर्यंतचा उजेड ओळखतो. म्हणजे हातात साडेआठ डेसिबलची शिल्लक आहे.

आता बिल्डिंगमधले कोपरे मोजा. शाफ्टमधून बाहेर, जिन्यावरून वर, चौकटीवरून आत, हॉलमधून बेडरूममध्ये. दहा काटकोन सहज होतात. चार काटकोन म्हणजे एक पूर्ण वेढा, तर दहा कोपरे म्हणजे अडीच वेढे. ए२ तार गोटीएवढ्या वळणानं फिरवली, तर मानकाप्रमाणे १५५० नॅनोमीटरच्या उजेडाला एका वेढ्यात जास्तीत जास्त अर्धा डेसिबल जायला हवा. अडीच वेढ्यांचा सव्वा. साडेआठातून सव्वा गेला तर काही बिघडत नाही. बी३ तार पेनाएवढ्या वळणानंही एका वेढ्याला ०.१५ च्या आत राहते. दहा कोपऱ्यांचे ०.४ सुद्धा होत नाहीत.

साध्या जी.६५२ तारेला इतक्या आवळ वळणाची हमीच नाही. दोन-तीन चापून बसवलेले कोपरे साडेआठची शिल्लक खाऊ शकतात. मग लाइन धड बंदही पडत नाही आणि धड चालतही नाही. कुणी कपाट सरकवलं, की लाल बत्ती.

इथं आणखी एक खोच आहे. उजेडाची लहर जितकी लांब, तितकं वळण जास्त जाचतं. जीपॉनमध्ये घराकडे येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा असतो. पुढच्या पिढीच्या एक्सजीएस-पॉन पद्धतीत तो १५७७ चा आहे. म्हणून आज कशीबशी चालणारी तार, उद्या कंपनीनं नवी पद्धत आणली की त्याच कोपऱ्यावर दगा देऊ शकते. भिंतीतली तार वीस वर्षांसाठी असते, डब्बा बदलत राहतो.

जाणता कारागीर याच गुणाचा उपयोग दोष शोधायला करतो. तो लाइन १३१० आणि १५५० अशा दोन्ही लहरींवर तपासतो. दोन्हीकडे सारखंच नुकसान दिसलं तर जोड खराब असण्याची शक्यता. १५५० वर जास्त दिसलं तर तार कुठंतरी आवळली आहे.

गैरसमज इथंच आहे

“ही वाकणारी फायबर आहे, कशीही बसवा,” हे वाक्य अर्धंच खरं आहे. ती उजेड सांडू देत नाही, एवढीच तिची हमी. ती अखेर काचच आहे.

धागा वाकला की त्याच्या बाहेरच्या बाजूची काच ताणली जाते. १२५ मायक्रॉनचा धागा साडेसात मिलिमीटर त्रिज्येत वाकवला तर हा ताण सुमारे ०.८ टक्के होतो. ५ मिलिमीटरला सव्वा टक्का. कारखान्यात फायबर तपासताना ती जेमतेम १ टक्का ताणून पाहतात. म्हणजे पेनाएवढ्या वळणात तारेचा तो तुकडा तपासणीपेक्षाही जास्त ताणात बसलेला असतो. तुकडा छोटा असल्यानं तो लगेच तुटत नाही. पण हवेतला ओलावा आणि सततचा ताण मिळून काचेवरची बारीक चीर हळूहळू वाढवतात. आज मीटरवर काहीच दिसत नाही आणि काही वर्षांनी तार आतून मोडते.

साधी तार चुकलेल्या कोपऱ्यावर लगेच ओरडते, मीटरचा आकडा पडतो आणि कारागिराला चूक दुरुस्त करावी लागते. वाकणारी तार तीच चूक मुकाट्यानं पोटात घेते. म्हणून तिला मीटरच्या भरवशावर सोडता येत नाही. डोळ्यानं पाहून, हातानं कोपरा गोल करूनच बसवावी लागते. आणि धागा पाच मिलिमीटरचा असला तरी केबलचं माप वेगळं असतं. आवरणात पोलादी तार किंवा कडक कांडी असेल तर केबलला मोठंच वळण द्यावं लागतं. ते कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं.

बिल्डिंगमध्ये कशी बसवावी?

बांधकाम चालू असेल तर सगळ्यात स्वस्त वेळ हीच आहे. प्लास्टर होण्याआधी तळमजल्यापासून वरपर्यंत एक मोकळा पाइप आणि प्रत्येक मजल्यावर एक छोटा डब्बा ठेवला की पुढची कटकट संपते. त्या पाइपात विजेची तार घालू नये. पाइपाला काटकोनी एल्बो न लावता लांब वळणाचे बेंड लावावेत. एका टप्प्यात दोनपेक्षा जास्त वळणं येत असतील तर मध्ये ओढण्यासाठी डब्बा ठेवावा. आणि आत एक ओढतार सोडून ठेवावी. पुढं कोणत्याही कंपनीचा माणूस आला तरी भिंत फोडावी लागणार नाही.

बिल्डिंग जुनी असेल तर जिन्याच्या कडेनं प्लास्टिकची पट्टी लावून तार न्यावी. पट्टी कोपऱ्यात कापून काटकोन न करता गोल कोपऱ्याचा तुकडा लावावा. तारेवर लोखंडी स्टेपल ठोकू नये. प्लास्टिकचा चाप लावावा, तोही तार आत हलेल एवढा सैल. झिपटाय दात लागेपर्यंत ओढू नये. उरलेली तार टीव्हीमागे कोंबण्यापेक्षा डब्यात मोठ्या वेढ्यानं ठेवावी.

बाहेरून आत येताना तीन गोष्टी पाहाव्यात. उन्हात राहणारी केबल काळ्या आवरणाची हवी. घरातली पांढरी केबल आपल्याकडच्या वैशाखात गच्चीवर टिकत नाही. भोकाच्या आधी तार थोडी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच टपकतं, भिंतीत शिरत नाही. आणि खांबावरून येणाऱ्या केबलसोबत आधाराची लोखंडी तार असते, ती बाहेरच तोडून अडकवावी. काचेतून वीज वाहत नाही, पण त्या लोखंडातून वाहते.

बिल्डिंगच्या आतल्या केबलचं आवरण कमी धूर देणारं आणि हॅलोजन नसलेलं असावं. कारागीर तिला एलएसझेडएच म्हणतात. आग लागली तर साध्या पीव्हीसीचा धूर जिन्यात भरतो, आणि खाली उतरायची वाट तीच असते. मजल्या-मजल्यांमधली भोकंही आग अडवणाऱ्या मसाल्यानं बुजवावीत.

शेवटची गोष्ट रंगाची. हिरव्या टोकाचा कनेक्टर हिरव्यातच, निळ्या टोकाचा निळ्यातच. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण काचेला काच नीट भिडत नाही आणि उजेड तिथंच सांडतो.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे

पांढुर्णा-सौंसर मध्यप्रदेश दूरसंचार सर्कलमध्ये, तासा-दोन तासांवरचं नागपूर महाराष्ट्र सर्कलमध्ये. आई-बाबा इकडे, पोराचा फ्लॅट तिकडे, असं कितीतरी घरांत आहे. तार आणि तिची मापं दोन्हीकडे एकच. फरक पडतो तो बिल्डिंगच्या कायद्यात. महाराष्ट्रात गृहनिर्माण सोसायटीला १९६० चा सहकारी संस्था कायदा लागतो, मध्यप्रदेशात फ्लॅटसाठी २००० सालचा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम आहे. दोन्हीकडे जिना आणि शाफ्ट ही सामाईक जागा. म्हणून तिथून तार कुठून जाईल, हे एका घरमालकानं परस्पर ठरवू नये. सगळ्यांनी बसून एकदा ठरवावं आणि कागदावर घ्यावं.

केंद्राच्या पातळीवर ‘ट्राय’नं २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम आणले. आतली तारेची सोय कशी आहे आणि ती सगळ्या कंपन्यांना सारखी खुली आहे का, हाही त्यातला मुद्दा. फ्लॅट घेताना पाणी, पार्किंग विचारतात, तसं “फायबरचा पाइप वेगळा ठेवला आहे का?” हेही बिल्डरला विचारायला हरकत नाही.

कारागीर दारात असताना विचारा

“भाऊ, आतली तार जी.६५७ ए२ आहे का?” केबलच्या आवरणावर ते छापलेलं असतं.

“बाहेरच्या डब्यात किती डीबीएम होतं आणि घरात किती आलं?” दोन्ही आकडे डब्ब्याच्या मागं पेननं लिहून घ्या. मधला फरक एक-दीड डेसिबलपेक्षा जास्त असेल तर कोपरा किंवा कनेक्टर पुन्हा पाहायला सांगा. पुढं लाइन बिघडली तर तुलना करायला हेच आकडे कामी येतात.

“एकही कोपरा गोटीपेक्षा आवळ नाही ना?” खिशात एक गोटी ठेवा आणि कोपऱ्यावर धरून पाहा. याला मीटर लागत नाही.

लाल उजेडाच्या पेननं तपासणी चालू असेल तर तारेच्या टोकात डोळा घालू नका, पोरांनाही लांब ठेवा. घरात येणारा नेटचा उजेड तर डोळ्याला दिसतही नाही, म्हणून सुटलेलं टोक झाकूनच ठेवावं.

आणि काम झाल्यावर कपाट भिंतीला टेकवताना मागं तार किती आहे, ते एकदा वाकून पाहा.